गाडीच्या पोटातले रबर

दसऱ्याला गाडी धुतली जाते. बॉनेटवर हळदकुंकू पडते, पुढच्या जाळीत झेंडूची माळ अडकते, चाकाखाली लिंबू चिरडले जाते आणि घरातले सर्वांत धाकटे मूल स्टिअरिंग धरून फोटो काढून घेते. मग दिवाळीची सुटी लागते आणि हीच गाडी माणसे, फराळाचे डबे आणि पिशव्यांवर पिशव्या घेऊन कोणी गावाकडे, कोणी वणीला, कोणी कोकणात काढतो. या साऱ्या थाटात बॉनेट उघडून आत डोकावण्याचा विधी मात्र कोणत्याही पोथीत सांगितलेला दिसत नाही. पूजा होते ती वरच्या रंगाची.

"आत बघून आपल्याला कळणार काय?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. इंजिन हे मिस्त्रींचे राज्य. तिथे मास्तर, कारकून आणि वकील यांनी लुडबूड न केलेली बरी. परंतु त्या राज्यात दोन वस्तू अशा आहेत की त्यांच्या खरेदीचा निर्णय शेवटी आपल्याच गळ्यात येतो. एक पट्टे आणि दुसऱ्या नळ्या. दोन्ही रबराच्या. लोखंड गाडीबरोबर म्हातारे होते; रबर त्याच्या कितीतरी आधी. गाडी दहा-पंधरा वर्षे पुरवून वापरणाऱ्या कुटुंबाला हे रबर दोनदा-तीनदा विकत घ्यावेच लागते, आणि दर वेळी मिस्त्री फडक्याला हात पुसत तोच सवाल टाकतो, "सर, कोणता टाकू? ओरिजिनल का चालू?" या सवालाला धड उत्तर देता यावे, एवढ्यापुरतेच या खेपेचे सदर.

मराठी शिकवण्याचा धंदा असल्यामुळे आधी शब्दांची झडती घेतो. 'पट्टा' म्हटले की आपल्यापुढे कमरेचा पट्टा येतो, दांडपट्टा येतो, जमिनीचा पट्टा येतो. मोटारीचा पट्टा काही केल्या येत नाही. तिथे 'बेल्ट'च म्हणावे लागते. आणि 'रबरी नळी' मागितलीत तर मुंबई नाक्यावरचा स्पेअर पार्टवाला तुम्हाला बागेला पाणी घालायची हिरवी नळी कुठे मिळते त्याचा पत्ता सांगेल. तिचे तिथले नाव 'होज पाइप'. होज म्हणजेच पाइप, मग हे पिवळे पीतांबर कशाला, असे मी एकदा दुकानदाराला सुचवून पाहिले. त्याने माझ्याकडे जी नजर टाकली तीवरून मी भाषाशुद्धीचा अभिमान चपलांबरोबर पायरीवरच ठेवायला शिकलो.

नाव परके असले तरी वस्तू मात्र आपल्याला परकी नाही. पिठाच्या गिरणीत डबा घेऊन ज्यांनी रांगा लावल्या आहेत, त्यांनी पट्टा जवळून पाहिलेला आहे. इकडे धडधडणारे ऑइल इंजिन, तिकडे जाते आणि मध्ये फटाफट आवाज करीत फिरणारा लांबच लांब कॅनव्हासचा पट्टा. तो घसरू लागला की गिरणीवाला राळेचा खडा घेऊन त्याला चोळी. होज पाइपचा पूर्वज तर त्याहूनही जुना. विहिरीवरच्या मोटेची कातडी सोंड म्हणजे दुसरे काय होते? पाणी वाहून नेणारी, हवी तशी वाकणारी आणि जीर्ण झाली की नेमकी ऐन भिजवणीच्या दिवसांत फाटणारी नळीच ती.

कातडे आणि कॅनव्हास जाऊन रबर आले, त्याचे श्रेय चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाला देतात. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. गंधक घालून ते तापवले तर बारमाही लवचीक राहते, हे त्याला १८३९ साली सापडले. पुढे १९१७ साली अमेरिकेतच जॉन गेट्स याने पट्ट्याला पाचरीचा आकार दिला. हा पट्टा पुलीच्या खाचेत रुतून बसतो. ताण जितका वाढेल तितका अधिक घट्ट धरतो. गिरणीवाल्याची राळ तिथेच निकालात निघाली.

आपल्या मध्यमवर्गाची या पाचरी पट्ट्याशी ओळख करून दिली ती ॲम्बॅसडरने आणि फियाटने. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, जिचे पुढे पद्मिनी असे बारसे झाले, तिच्या इंजिनाच्या तोंडाशी एकच फॅन बेल्ट असे. पंखा तोच फिरवी, पाण्याचा पंप तोच आणि वीज तयार करणारे यंत्रही तोच. म्हणजे एका कमावत्यावर तीन खाणारी तोंडे. मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात बॉनेट वर करून वाफा सोडीत उभ्या असलेल्या मोटारी, हे त्या काळचे नेहमीचे दृश्य. याच घाटात रेल्वेचा चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे आणि म्हणून कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढणाऱ्या आगगाड्यांना मागून जादा इंजिने लावीत आले आहेत. मोटारीला जादा इंजिन कोण लावणार? तिची सारी भिस्त पाण्यावर आणि ते पाणी फिरवणाऱ्या त्या एका पट्ट्यावर.

त्या पट्ट्याचा एक मोठा सद्गुण होता. तो बोलत असे. सैल पडला की सकाळी गाडी सुरू करताना अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा किंचाळे. वय झाले की त्याच्या आतल्या अंगाला आडव्या भेगा पडत, कडांना दशा सुटत. मालक अंगठ्याने दाबून बघे. अर्ध्या इंचाच्या आसपास दबला तर ताण बरोबर. वडिलांनी मुलाला शिकवली ती विद्या एवढीच: भेगा दिसल्या की बदल. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सीही उरली नाही. पण तिच्यावर शिकलेली ही विद्या घरोघर शाबूत आहे, आणि आजच्या गाडीला नेमकी तीच लागू पडत नाही.

आजचा पट्टा चपटा असतो. आतल्या अंगाला शेतातल्या सरी-वरंब्यासारख्या उभ्या रेघा असतात आणि एकच लांब पट्टा नागमोडी फिरत अल्टरनेटर, एसी आणि बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंप, हे सारे ओढतो. त्याचे रबरही बदलले. पूर्वीच्या निओप्रीनच्या जागी साधारण २००० सालानंतर ई.पी.डी.एम. या दुसऱ्या कृत्रिम रबराचे पट्टे सर्रास आले. हे रबर उष्णता अधिक सोसते, अधिक वर्षे टिकते आणि मुख्य म्हणजे त्याला सहसा भेगा पडत नाहीत. ते झिजते, चपलेचा तळ झिजतो तसे. सऱ्या खोल आणि रुंद होत जातात, पुलीचे दात तळाला टेकू लागतात, पावसाचे पाणी निघून जायला जागा उरत नाही आणि पट्टा घसरू लागतो. वरून बघाल तर काळाभोर, तुळतुळीत, एक सुरकुती नाही. जुना पट्टा जुन्या नोकरासारखा कुरकुर करून आधी महिनाभर आपले दुखणे सांगे. हा नवा हसतमुखाने काम करता करता एके दिवशी निघून जातो.

झीज मोजायला प्लास्टिकची एक छोटी पट्टी मिळते. ती सरीत बसवून बघायची. पट्टी रबराच्या कडांच्या खाली गेली तर पट्टा संपला. ज्या नाशिककरांची हयात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मायक्रोमीटर धरण्यात गेली, त्यांना डोळ्याने केलेल्या मोजमापाची किंमत मी सांगायला नको. आपल्या मिस्त्रीकडे ही पट्टी आहे का, हे एकदा विचारून पाहावे. नसेल तर पट्टा किती वर्षे आणि किती किलोमीटर फिरला हेच मोजमाप.

हे झाले दिसणाऱ्या पट्ट्याचे. न दिसणारा एक आणखी असतो, झाकणाआडचा, दातेरी. त्याचे नाव टायमिंग बेल्ट. जर्मनीतल्या ग्लास या कंपनीने १९६२ साली आपल्या एका छोट्या मोटारीत असा रबरी पट्टा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर घातला. त्यापूर्वी तिथे साखळी नाहीतर दातेरी चाके असत. आजही कित्येक गाड्यांना साखळीच असते. तुमच्या गाडीला काय आहे, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते; ती पुस्तिका बहुतेक घरांत प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेर आलेली नसते, ही गोष्ट वेगळी.

या पट्ट्याचे काम समजायला जुन्या नाशकातला वाडा आठवावा. न्हाणीघर एक आणि बिऱ्हाडे दोन. एक आत असेल तेव्हा दुसऱ्याने बाहेर थांबायचे, आणि सकाळी सहापासून हे बिनबोभाट चालते ते पाळी ठरलेली असते म्हणून. कित्येक इंजिनांत पिस्टन आणि वॉल्व्ह यांचे नाते असेच असते. दोघेही आळीपाळीने त्याच जागेत येतात. टायमिंग बेल्ट त्यांची पाळी सांभाळतो. पट्टा तुटला की दोघे एकदमच आत शिरतात. पिस्टन जाडजूड, वॉल्व्ह नाजूक. वॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते आणि बिल पाच आकड्यांत जाते.

आमच्या शेजारी एक काका राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, पैशापैशाचा मेळ लागल्याशिवाय रात्री न झोपणारे. त्यांनी एक वापरलेली छोटी गाडी घेतली होती. मिस्त्रीने सांगितले, "साहेब, किलोमीटर झालेत. टायमिंग बेल्ट बदलून घेऊ." काकांनी झाकण उघडायला लावले, चष्मा पुसला, विजेरी धरून पट्टा नीट न्याहाळला. भेग नाही, दशी नाही. "अहो, हा तर नवा दिसतोय. दिवाळीनंतर बघू," असे म्हणून त्यांनी झाकण लावायला सांगितले. त्यात हट्ट नव्हता की चिक्कूपणा नव्हता. ज्या पिढीला भेगा बघायला शिकवले, त्या पिढीचा माणूस भेगा बघूनच निर्णय घेणार.

काकूंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मुंबईला मुलीकडे राहून झाली. चौथ्या दिवशी त्या दोघांनी परतीचा रस्ता धरला. घाट अर्धा चढून झाला होता, दिवेलागण होऊन गेली होती, आणि इंजिन बंद पडले. धूर नाही, किंकाळी नाही, तापल्याचा वास नाही. किल्ली फिरवली की आतले यंत्र नुसतेच हलके हलके फिरे. मागे काळा चष्मा लावून काकू बसलेल्या. वाकायचे नाही, धक्का लागू द्यायचा नाही, धुळीत जायचे नाही अशी डॉक्टरांची ताकीद. डाव्या अंगाला कठडा आणि उजव्या अंगाने एकामागून एक ट्रक. क्रेन यायला अडीच तास लागले. "मला काही दिसत नव्हतं तेच बरं झालं," असे काकू नंतर म्हणाल्या, "नुसते आवाज ऐकू येत होते." डोळा सुखरूप राहिला. इंजिनाचे मात्र हेड उतरवावे लागले.

काकांना बिलापेक्षा दुसरीच गोष्ट लागून राहिली होती. गॅरेजमध्ये तो तुटका पट्टा हातात घेऊन ते म्हणाले, "पण हा नवा दिसत होता हो!" मिस्त्री बिचारा भला माणूस, आधीच सांगितले होते, असे त्याने तोंडातून काढले नाही. पट्टा उलटा करून तुटलेल्या टोकाशी लोंबणारे पांढरे धागे त्याने दाखवले. "साहेब, जोर सगळा या दोरीवर असतो. रबर नुसतं पांघरूण. पांघरुणाखालचं तुम्हालाही दिसत नाही आणि मलाही दिसत नाही."

म्हणून एक वही घालावी. दुधाची असते, गॅसच्या सिलिंडरची असते, तशी. पट्टा कधी घातला त्याची तारीख आणि त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा, इतकेच टिपायचे. पुस्तिकेत वर्षे आणि किलोमीटर असे दोन्ही दिलेले असतील तर जे आधी भरेल ते धरायचे. आठवड्यातून एकदा भाजीला निघणाऱ्या गाडीचे किलोमीटर भरत नाहीत; पण रबराचे वय घरी बसूनही वाढते. जुनी गाडी घेतलीत आणि आधीच्या मालकाकडे अशी नोंद नसेल, तर टायमिंग बेल्ट बदललेला नाही असेच समजावे आणि तो खर्च गाडीच्या किमतीत धरून मगच सौदा करावा.

आता दुकान. मिस्त्री ज्याला 'ओरिजिनल' म्हणतो त्याचेही दोन प्रकार आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. एक मोटार कंपनीच्या डब्यातला. दुसरा, पट्टा बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या डब्यातला. मोटार कंपन्या पट्टे सहसा स्वतः बनवीत नाहीत. फेनर, गेट्स, काँटिटेक, मित्सुबोशी असे त्या धंद्यातले कारखाने वेगळेच असतात. अशा नावाजलेल्या कारखान्याचा, तुमच्या गाडीला नेमका लागू असलेला पट्टा त्याच्याच डब्यात घेतला तर पुष्कळदा पैसे कमी पडतात आणि मालात उणे पडत नाही. तिसरा 'चालू' किंवा 'लोकल'. त्याच्यावर नाव असते, पण त्या नावाच्या पाठीमागे कोणी उभे राहत नाही. आणि चौथा नकली, जो पहिल्या दोघांच्या वेषात येतो. घासाघीस पहिल्या दोघांत करावी. तिसऱ्या-चौथ्याशी स्वस्ताईची तुलनाच करू नये. कारण पट्टा बदलायची मजुरी चारी प्रकारांना सारखीच पडते आणि टायमिंग बेल्टच्या बाबतीत ती पट्ट्याच्या किमतीहून जास्तही असू शकते.

पट्ट्याच्या पाठीवर आकडे असतात ते वाचावेत. समजा, '६ पीके १८८५' असे छापले आहे. याचा अर्थ सहा वरंबे, 'पीके' जातीची घडण आणि लांबी १८८५ मिलिमीटर. इतके साधे आहे. एसी असलेल्या आणि नसलेल्या एकाच मॉडेलला वेगळ्या लांबीचे पट्टे लागतात, त्यामुळे "अमुक गाडीचा बेल्ट द्या" एवढे बोलून भागत नाही. आणि उतरवलेल्या पट्ट्याशी नवा जुळवून बघणेही पुरेसे नाही. मागच्या वेळी चुकीचाच घातलेला असेल तर? गाडीच्या चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्यावा आणि तो चिठ्ठीवर लिहून न्यावा.

नकली मालाच्या बाबतीत आमच्या विषयाचा एक अनपेक्षित उपयोग झाला आहे. डब्यावरचा मजकूर वाचावा. अक्षरे फुटलेली, कंपनीच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे, पट्ट्यावरची छपाई बोट घासले की पुसणारी, असे दिसले की डबा परत. मुद्रितशोधनाच्या कामाने मराठीच्या प्राध्यापकाचे पैसे वाचवल्याचे हे एवढेच उदाहरण मला ठाऊक आहे. चकाकणारी चिकटपट्टी आणि चौकोनी ठिपक्यांचा कोड यांवर मात्र फार विसंबू नये. ज्याला पट्टा नकली करता येतो त्याला चिकटपट्टीही करता येते. खरा आधार बिलाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून एकसारखा अठरा टक्के झाला, तेव्हा "बिल नको असेल तर कमी करतो" या मोहातही आता पूर्वीइतका दम नाही. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्यावा.

दुकानात तो पट्टा कसा ठेवला आहे, हेही बघावे. दाराशी उन्हात खिळ्याला महिनोन्महिने लटकलेला, किंवा करकचून दुमडून दोऱ्याने बांधलेला पट्टा कितीही नामांकित असला तरी घेऊ नये. टायमिंग बेल्ट तर घट्ट दुमडायचा नाही, उलटा करायचा नाही, पिळायचा नाही. तसे केले की आतली दोरी जागच्या जागी मोडते, आणि पांघरुणाखालचे कोणालाच दिसत नाही हे वर आलेच आहे. स्क्रू ड्रायव्हर घालून पुलीवर चढवणारा मिस्त्री दिसला तर तिथेच हात धरावा.

पट्टा एकटा बदलू नये. त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि वाट दाखवणारी आयडलर पुली त्याच्याइतक्याच फिरलेल्या असतात. ज्या गाड्यांत पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर चालतो, तिथे पंपही त्याच वेळी. नाहीतर सहा महिन्यांनी पंप गळतो आणि सगळी उघडझाक पुन्हा, मजुरी पुन्हा. आणि पट्टा मुदतीआधी तुटला असेल तर नवा घालण्यापूर्वी तो का तुटला हे मिस्त्रीकडून वदवून घ्यावे. वरून तेल ठिबकत होते, की कूलंट, की एखादे बेअरिंग अडकले होते? कारण तसेच ठेवून घातलेला उत्तमातला उत्तम पट्टाही त्याच वाटेने जाईल.

पट्टा आवाज करीत असेल तर मिस्त्री एक सोपी परीक्षा करतात. कपड्यांना इस्त्री करताना पाणी उडवायची बाटली असते ना, तिने चालत्या पट्ट्यावर सरीच्या बाजूने थोडे पाणी मारतात. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर पट्टा सैल आहे, घसरतो आहे. हे काम त्यांच्याच हातून करवावे. पदर, ओढणी आणि सैल बाही यांनी चालत्या इंजिनाच्या जवळ जाऊ नये. आवाज मारायला एक फवारा बाजारात मिळतो. ती जुनी राळच, नव्या डब्यात. ती सरीत बसून धूळ धरते. तिच्या वाटेला जाऊ नये.

नळ्यांकडे वळतो. या विषयात घरातल्या गृहिणीचा अधिकार मोठा आहे, फक्त तिला तो कोणी सांगितलेला नाही. आमच्या सौ. भांडी बाजारात कुकरची रिंग घ्यायला जातात तेव्हा मी पिशवी धरून बघत असतो. कुकर कोणत्या कंपनीचा, किती लिटरचा, हे आधी. दुकानदाराने "ही पण बसते" म्हणून दुसरी पुढे केली की ती तशीच परत. मग रिंग ताणून, वाकवून, नखाने दाबून बघणे. होज पाइप घ्यायचा तो अक्षरशः अशाच रीतीने, कारण गाडीचा रेडिएटर हा कुकरच आहे. त्याच्या झाकणातली स्प्रिंग वाफेला साधारण कुकरच्या शिट्टीइतकेच दडपून धरते. म्हणून आतले पाणी शंभर अंशांवर उकळत नाही, एकशेवीसच्याही आसपास जाऊ शकते. शिट्टी पडायच्या आत कुकर उघडू नये, हे ज्या घरात लहान मुलालाही माहीत आहे, त्याच घरातला कर्ता पुरुष तापलेल्या रेडिएटरचे झाकण फडक्याने फिरवायला जातो, आणि तोंडावर वाफ घेतो.

या नळ्याही हल्ली बाहेरून बोलत नाहीत. इंजिनातले निरनिराळे धातू आणि कूलंट मिळून एक दुबळी बॅटरी तयार होते. तिच्या सूक्ष्म प्रवाहाने रबराला आतून बारीक चिरा पडत जातात, आणि त्या बहुधा टोकांशी, क्लिपच्या जवळ. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना नळी चिमटीत धरून मधोमध दाबावी आणि मग दोन्ही टोकांपासून दोन-दोन बोटे सोडून दाबावी. टोकाशी मऊ, पोकळ लागली, किंवा आत खाच जाणवली, तर बदलावी. फुगली असेल तर तिला तेल लागले आहे. वाळक्या कातड्यासारखी कडक झाली असेल तर उष्णतेने गेली. वरची मोठी नळी सगळे तपासतात. इंजिनाच्या मागच्या अंगाला हीटरकडे जाणाऱ्या दोन बारीक नळ्या मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाहीत, आणि पाणी त्यांतूनही तितकेच गरम धावते. कूलंटच्या जागी बोअरचे पाणी भरण्याची सवय असेल, तर नळ्यांच्या आधी ती बदलावी.

नवी नळी मूळ वळणाचीच घ्यावी. सरळ पाइप तोडून वाकवून बसवला की वळणावर मोडतो आणि पाणी अडते. तिच्या टोकाकडे पाहावे: रबराच्या दोन थरांमध्ये धाग्यांची वीण दिसली पाहिजे आणि जाडी सगळीकडे सारखी पाहिजे. नुसते एकसंध काळे रबर दिसले तर ती बागेलाच बरी. चांगल्या नळ्यांवर पुष्कळदा 'एस.ए.ई. जे २०' असा दर्जाचा शिक्का असतो. नळीबरोबर क्लिपा नव्या घ्याव्यात, आणि मूळ होती त्याच जातीच्या. स्क्रूने आवळायची जुबिली क्लिप ब्रिटिश नौदलातल्या लमली रॉबिन्सन या अधिकाऱ्याने १९२१ साली काढली. उत्तम वस्तू आहे, पण हौसेने आवळत गेले की रबर कापते. स्प्रिंगची क्लिप नळीबरोबर फुगते आणि आक्रसते. ती 'स्वस्तातली' म्हणून काढून टाकणारे पुष्कळ भेटतात, त्यांना तसे करू देऊ नये.

पेट्रोलच्या नळीची जात निराळी. पाण्याच्या नळीचे ई.पी.डी.एम. पेट्रोलमध्ये फुगते आणि सडते. तेव्हा "तात्पुरता हा तुकडा लावतो" या बोलण्याला इथे मुळीच रुकार देऊ नये. शिवाय २०२५ पासून आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि जुन्या गाड्यांतले सगळेच रबर त्यासाठी घडवलेले नाही. पेट्रोलची नळी घेताना ती या मिश्रणाला चालते ना, हे विचारून घ्यावे. गाडीत पेट्रोलचा वास आला तर तो दिवाळीनंतर बघायचा नसतो. त्याच दिवशी बघायचा. ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्यात गाडीचे नव्हे, माणसांचे काय ते होते.

रस्त्यात काही झालेच तर? पट्टा तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो, काही गाड्यांत स्टिअरिंग जड होते, एसीची हवा कोमट येते आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर मागोमाग तापमानाचा काटा चढतो. "घाट तेवढा संपवू" असे म्हणू नये. डाव्या कडेला घेऊन इंजिन बंद करावे, माणसांना उतरवून कठड्यापलीकडे सुरक्षित जागी उभे करावे, आणि किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये. विलायतेत बायकांचे नायलॉनचे मोजे बांधून गाडी घरी आणल्याच्या कथा सांगतात. त्या पाचरी पट्ट्याच्या काळातल्या, आजच्या नागमोडी पट्ट्याला त्यांचा उपयोग नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाड्या आता घाट न चढता खाली उतरतात. सोय मोठी झाली. पण घाटात निदान बॉनेट उघडून वारा खात उभे राहता येई. बोगद्यात बंद पडलेल्या गाडीत बसणे मला तरी अधिक भयंकर वाटते.

विजेच्या गाडीवाल्यांना टायमिंग बेल्ट नाही, फॅन बेल्ट नाही. परंतु त्यांच्यापैकी पुष्कळांची बॅटरी थंड ठेवायला कूलंट फिरते आणि ते नळ्यांतूनच फिरते, तेव्हा चिमटीची परीक्षा त्यांनाही माफ नाही.

राहता राहिला उतरवलेला जुना पट्टा. तो मिस्त्रीकडून मागून घ्यावा. कोणता भाग बदलला याची खात्री होते, हा एक फायदा. घरी मात्र तो 'असू दे, कधी लागला तर' म्हणून माळ्यावर टाकू नये आणि अखंड भंगारात देऊ नये. असे पट्टे पुसून, चकाकवून, नव्या वेष्टनात पुन्हा दुकानात येऊन बसू शकतात. कात्रीने दोन तुकडे करावे आणि मग टाकावा. आतली दोरी चिवट असते. घरची कात्री चालली नाही तर गॅरेजमध्येच पत्रा कापायची कात्री मागावी, देतात.